भीमा लोभी नव्हता

मराठीतली सोन्याच्या खाणीची सगळ्यात चांगली गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर मी अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’चं नाव घेतो. समोरचा लगेच अडवतो, त्यात सोन्याची खाण आहेच कुठं? त्यात आहे ती दगडाची खाण, आणि तीही सुरुवातीलाच बंद पडते. पुढं सगळं स्मशान, राख, कोल्ही आणि मढी. हे सगळं खरं. तरी माझं म्हणणं मी बदलत नाही. खडकातून सोनं काढणं म्हणजे नेमकं काय काम असतं, हे आपल्या भाषेत ज्याला कळलं होतं असा लेखक मला एकच दिसतो, आणि त्यानं ते खाणीवर लिहिलेलंच नाही.

आपण ही कथा वाचतो ती दोन ठरलेल्या पद्धतींनी. एक म्हणजे भयकथा म्हणून: काळोखी रात्र, नुकतं पुरलेलं प्रेत, भोवती कोल्ह्यांची टोळी. दुसरी म्हणजे बोधकथा म्हणून: लोभ केला, बोटं गेली. दुसरी पद्धत जास्त पसरलेली आहे, कारण ती सोपी आहे आणि वाचणाऱ्याला मोकळं करते. भीमा लोभी ठरला की आपलं काम संपतं. मला या लेखात त्या ‘लोभी’ शब्दावरच बोलायचंय. तो शब्द कथेतून आलेला नाही. तो आपण बाहेरून आणून तिथं ठेवलाय, आणि तो तिथं का ठेवावासा वाटला, हे तपासण्यासारखं आहे.

नावात सोनं, खडकात नाही

मी सोनगीरचा. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गानं शिरपूरकडं निघालात की वीसेक किलोमीटरवर आमचं गाव आणि डोक्यावर किल्ला लागतो. या किल्ल्याचं जुनं नाव सुवर्णगिरी असं सांगतात. साहजिकच लहानपणी प्रत्येकाला वाटतं की डोंगरात कुठंतरी सोनं असणार. ते नाही. खानदेशाचा बहुतेक खडक म्हणजे काळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झालेला. सोनं सापडतं ते याहून कितीतरी जुन्या खडकांत, पांढऱ्या गारगोटीच्या शिरांमध्ये. कर्नाटकातल्या कोलार आणि हट्टीचे खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. महाराष्ट्रात असे जुने खडक शोधायचे तर विदर्भात जावं लागतं. तिथं नागपूर-भंडाऱ्याकडं सरकारी भूवैज्ञानिकांनी सोन्याचा माग काढलेला आहे.

आमच्या गावाची खरी ओळख सोन्याची नाहीच. ती आहे तांब्या-पितळेची. सोनगीरची भांडी खानदेशभर माहीत आहेत. त्यामुळं आमच्याकडं धातूशी नातं दुकानातल्या काचेपलीकडचं नसतं. पत्रा ठोकून त्याचा हंडा होईपर्यंत त्यावर किती घाव पडतात, हे ऐकत आम्ही वाढतो. जुनं भांडं ‘मोड’ म्हणून वजनावर जातं आणि नवं होऊन परत येतं, हेही माहीत असतं. धातू कुठून येतो यापेक्षा तो किती हातांतून येतो, हा प्रश्न आम्हांला जवळचा. ‘स्मशानातील सोनं’ मी वाचतो तो याच कानानं. मला त्यात कोल्ह्यांच्या आधी चाळणीचा आवाज येतो.

सोनं निघतं कसं

थोडं कामाबद्दल बोलू. त्याशिवाय कथेतलं कसब दिसणार नाही.

सिनेमात सोनं भिंतीत चमकत असतं. खऱ्या खडकात ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. हट्टी-कोलारसारख्या ठिकाणी टनभर खडकामागं हाती लागतात ते मोजके ग्रॅम. म्हणजे एका तोळ्याच्या अंगठीसाठी दोन-चार टन दगड फोडून, दळून, धुऊन टाकायचा. खोदणं हे त्यातलं अर्धंच काम. उरलेलं अर्धं काम गिरणीचं.

ही गिरणी यंत्रांच्या आधीही होती. जुने खाणकरी खडकाशी लाकडं पेटवत, तो लाल तापला की त्यावर पाणी ओतत, आणि तडकलेला दगड छिन्नी-हातोड्यानं काढत. हट्टीला अशा जुन्या खाणी सहाशे फुटांहून खोल गेलेल्या सापडल्या आणि त्यांचं वय दोन हजार वर्षांच्या घरातलं निघालं. लक्षात घ्या, स्वातंत्र्याच्या वेळी हट्टी आणि आपला मराठवाडा एकाच निजामी संस्थानात होते. हट्टीपासून जवळच मस्की आहे. १९१५ साली तिथं एक शिलालेख सापडला. ‘अशोक’ हे नाव स्पष्ट लिहिलेला हा पहिला सापडलेला शिलालेख. तो शोधणारे बीडन हे सोन्याच्या शोधात फिरणारे खाण अभियंता होते. सोनं शोधायला गेलेल्या माणसाला सम्राटाचं नाव सापडलं. त्या सम्राटाच्या काळाच्या आसपास तिथं दगड कुटणाऱ्यांतल्या एकाचंही नाव मात्र आपल्याकडं नाही.

त्यांचं काम कसं चाले याचं चांगलं वर्णन १८०२ सालचं आहे. लेफ्टनंट जॉन वॉरन म्हैसूरच्या सीमेची मोजणी करत होता. कोलारच्या बाजूला सोनं निघतं अशी कुणकुण त्याच्या कानावर आली आणि त्यानं बक्षीस लावलं. गावकऱ्यांनी माती आणून त्याच्यासमोर धुऊन दाखवली. पुढं मारीकुप्पमजवळ त्यानं खाणीही पाहिल्या. माणसं अरुंद विवरांत उतरून दगड काढत, टोपल्या हातोहात वर येत, आणि वर बायका तो दगड मोठ्या खडकावर कुटून त्याचं पीठ करत. मग ते पीठ पाण्यावर नेऊन धुवायचं. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, गारगोटी जेमतेम अडीचपट. पसरट भांड्यात पाणी घेऊन हात नीट फिरला, तर हलकी पूड वाहून जाते आणि तळाशी एक पिवळी रेघ उरते. सूप पाखडणाऱ्या कुणालाही ही हालचाल ओळखीची वाटेल. फक्त इथं टरफलाऐवजी डोंगर उडवायचा असतो.

शेवटची युक्ती पाऱ्याची. बारीक सोनं पाऱ्याला चिकटतं. तो लगदा फडक्यातून पिळायचा आणि तापवायचा. पारा वाफ होऊन जातो, सोनं मागं राहतं. वाफ जाते ती आधी तापवणाऱ्याच्या छातीत. आफ्रिकेपासून लॅटिन अमेरिकेपर्यंत लहान लहान सोनेखाणींत आजही हेच चालतं. माणसामुळं हवेत जो पारा जातो त्याचा सगळ्यात मोठा वाटा या छोट्या भट्ट्यांचा आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं नोंदवलंय.

एवढं ध्यानात ठेवलं की सोन्याच्या कुठल्याही गोष्टीला विचारायचा प्रश्न सापडतो: यात दळण कुठंय?

रॉकीकडं गिरणी नाही

हा प्रश्न घेऊन आधी तुमच्या-माझ्या फोनमध्ये असलेल्या सिनेमाकडं जाऊ. ‘केजीएफ’चा पहिला भाग डिसेंबर २०१८मध्ये आला, दुसरा एप्रिल २०२२मध्ये. खानदेशात त्याचे संवाद अजून रील्सवर फिरतात, लग्नाच्या वरातीत त्याचं संगीत वाजतं. प्रशांत नील यांची नराची खाण पडद्यावर भव्य आहे. धूळ, अंधार, हातोडे घेतलेली हजारो माणसं. पण ती माणसं दगडावर घाव घालतात आणि थोड्या वेळानं सोन्याच्या विटा रचलेल्या दिसतात. या दोन दृश्यांच्या मध्ये जे काम आहे, ते सिनेमाला नकोय. कुटणारे, दळणारे, धुणारे हात त्याला नकोत, कारण त्यांना वेळ लागतो, आणि वेळ लागला की नायक लहान दिसतो.

याचा परिणाम नुसत्या तपशिलापुरता राहत नाही. दळण काढून टाकलं की सोनं हे काढायची वस्तू न राहता बळकावायची वस्तू होतं. मग कथेत प्रश्न एकच उरतो, खाणीचा मालक कोण? गरुडा की रॉकी? गुलामांना आधी वाईट धनी होता, आता चांगला मिळाला. खऱ्या कोलारमध्ये १८८०पासून जॉन टेलर आणि कंपनीनं खाणी चालवल्या. तिथं राबणारे बहुसंख्य मजूर उत्तर अर्काट आणि चित्तूरकडून आलेले तमिळ-तेलुगू दलित होते. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. खडक फुटून माणसं मेली, धुळीनं फुप्फुसं दगडासारखी झाली. २००१च्या फेब्रुवारीअखेर सगळं बंद पडलं. गावाला उरल्या त्या दळलेल्या खडकाच्या पांढरट टेकड्या. लोक त्यांना ‘सायनाइड’ म्हणतात, कारण शेवटचा कण काढायला तेच रसायन वापरलेलं. त्या टेकड्या म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांचं दळण आहे. सिनेमाच्या कॅमेऱ्याला खाण दिसली, हे दळण दिसलं नाही.

पा. रंजित यांचा ‘तंगलान’ १५ ऑगस्ट २०२४ला आला तेव्हा मला मोठी आशा होती, आणि ती बऱ्याच अंशी पुरी झाली. एकोणिसाव्या शतकातला, जमीन गमावलेला एक दलित शेतकरी इंग्रज साहेबाबरोबर सोन्याच्या शोधात निघतो. सोनं शोधायची विद्या त्याच्या पूर्वजांची आहे, साहेबाकडं आहे ती फक्त भूक आणि बंदूक. ज्ञान कुणाचं आणि मालकी कुणाची, हा भेद रंजित लख्ख दाखवतात. विक्रमचं शरीर त्या सिनेमात चिखलाइतकंच खरं वाटतं. पण उत्तरार्धात सिनेमा मायेच्या, रक्ताच्या, राखणदारीणीच्या गोष्टीत शिरतो आणि सोनं पुन्हा चमत्कार होतं. रक्त सांडलं की माती सोन्याची होते, हे रूपक म्हणून जबरदस्त आहे. पण रक्त सांडल्यानंतरही ते सोनं कुणीतरी कुटावं आणि धुवावं लागतंच. रूपक मोठं होतं तसे कुटणारे हात पडद्याबाहेर जातात.

भीमाची चाळणी

आता अण्णा भाऊंकडं या. गोष्ट थोडक्यात अशी. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो. शहरात काम मिळत नाही म्हणून उपनगरातल्या दगडाच्या खाणीवर लागतो. दणकट गडी. डोंगर फोडायची त्याला हौस म्हणावी इतकी ताकद. बायको आहे, नबदा नावाची लाडकी लेक आहे. एक दिवस खाण बंद पडते. घरी परतताना नदीकाठी एका राखेच्या ढिगापाशी तो थांबतो आणि त्याला राखेत सोनं सापडतं. मेलेल्याच्या अंगावरचं, चितेत वितळलेलं किंवा उरलेलं. तिथून त्याचा नवा धंदा सुरू होतो.

इथं अण्णा भाऊ काय करतात ते नीट पाहा. भीमाला पिशाच लागलंय किंवा त्याच्या मनात पाप शिरलंय असं ते दाखवत नाहीत. ते दाखवतात कामाची पद्धत. राख गोळा करायची, चाळायची, कण शोधायचा, बाजारात मोडायचा, दाणागोटा घेऊन घरी यायचं. हे सारं दिनक्रमासारखं येतं. कालपर्यंत जो माणूस खडक फोडत होता तोच आज राख चाळतोय. साधनं हलकी झाली, पण हात तेच आणि पोटही तेच. राख म्हणजे दुसरं काय? आगीनं आधीच भाजून, फोडून, बारीक करून ठेवलेला खनिजाचा ढीग. जुने खाणकरी खडकाला आग लावत ती याचसाठी. भीमाला हे कुणी शिकवलेलं नाही. खाणीत घडलेल्या डोळ्याला ते दिसतं एवढंच.

मग त्याचा डोळा आणखी तयार होतो. कुठल्या राखेत सोनं असणार आणि कुठल्यात नाही, हे त्याला कळू लागतं. श्रीमंताचा मुडदा आणि गरिबाचा मुडदा हा फरक मरणानंतरही पुसला जात नाही, हे तो शोधून काढतो. लोकांना हे वाक्य समाजशास्त्राचं वाटतं, आणि ते आहेच. पण ते आधी खाणकामाचं आहे. कुठली शीर धरायची आणि कुठली सोडायची, याचा निर्णय प्रत्येक खाणकरी घेतो. भीमाच्या जमिनीत शिरा पाडल्यात त्या जातीनं, वर्गानं, सावकारीनं. अण्णा भाऊंचं भूगर्भशास्त्र हे असं आहे. सोनं निसर्गानं कुठं ठेवलं यापेक्षा माणसानं ते कुठं साठवलं, हे त्यात लिहिलेलं असतं.

म्हणूनच मला ‘लोभी’ हा शब्द पटत नाही. लोभ म्हणजे पुरेसं असूनही हवं असणं. भीमा काढतो ते खायला. त्यानं गाडी घेतलेली नाही, माडी बांधलेली नाही. राख कमी पडू लागते तेव्हा तो पुरलेल्या प्रेतांकडं वळतो. ही पायरी भयंकर आहे आणि अण्णा भाऊ ती सौम्य करत नाहीत. पण ती पायरी प्रत्येक खाणीची आहे. वरचं संपलं की खोल जायचं, खोल गेलं की धोका वाढतो. कोलारला हाच रस्ता तीन किलोमीटर खाली घेऊन गेला. तिथं त्याला आपण उद्योग म्हणालो.

झारेकरी कुठं गेले

आपल्या भाषेत हे काम करणाऱ्यांना नाव आहे. झारेकरी. सोनाराच्या दुकानातला केर, शेगडीतली राख, फुटक्या मुशी, दुकानापुढच्या गटारातला गाळ हे सगळं घेऊन, कुटून, धुऊन, पारा लावून त्यातला सोन्या-चांदीचा कण परत काढणारी माणसं. उत्तरेत त्यांनाच न्यारिये म्हणतात. विदर्भाच्या पूर्व टोकाला नदीच्या वाळूतून सोनं धुणारे सोनझारी आहेत. फुटकी मूस दगडासारखी टणक असते. ती कुटून तिचं पीठ करणं म्हणजे मारीकुप्पमच्या बायकांचंच काम, फक्त खाणीऐवजी सराफ गल्लीत. ज्या महाराष्ट्रात खाणकाम करण्याजोगं सोनं जवळजवळ नाही, तिथं सोन्याची गिरणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली ती या माणसांमुळं.

जळगावचं सोनं म्हटलं की माणसाच्या तोंडी पेढ्यांची नावं येतात, शुद्धतेची ख्याती येते, लग्नसराईची गर्दी येते. ती ख्याती खरी आहे. पण कुठल्याही सराफ बाजाराचा दिवस जिथं संपतो तिथून झारेकऱ्याचा सुरू होतो. घासलेल्या दागिन्याचा कण कुठंतरी पडतोच, आणि कुणीतरी तो गोळा करतोच. आपल्या साहित्यात सोनार पुष्कळ आहेत. सोन्याच्या उपमा तर विचारूच नका, माणसापासून संधीपर्यंत सगळ्याचं आपण सोनं केलंय. झारेकरी मात्र शोधावा लागतो. कचऱ्यातून मोल काढणाऱ्याचं नाव आपण शब्दकोशात ठेवलं आणि गोष्टीत येऊ दिलं नाही.

मला भीमा या झारेकऱ्यांच्या रांगेत उभा दिसतो. फरक एवढाच की झारेकरी सोनाराच्या परवानगीनं केर नेतो, आणि भीमाला परवानगी द्यायला कुणी उरलेलं नसतं. इथं चोरीचा मुद्दा येतो. तो टाळून चालणार नाही.

आक्षेप घेऊ या

पहिला आक्षेप साधा आहे. काहीही म्हणा, भीमा प्रेतं उकरतो. ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्या दुःखाचं काय? मला हा आक्षेप मान्य आहे आणि अण्णा भाऊंनाही असावा. म्हणून तर त्यांनी ती शेवटची रात्र इतकी अंगावर येणारी लिहिली. सावकाराचं मढं, भीमाच्या आधीच तिथं पोचलेली कोल्ही, आणि दोघांची एकाच खड्ड्यासाठी झुंज. भीमा जिंकतो, पण कोल्ह्यांशी बरोबरी करून जिंकतो. लेखक त्याला सोडत नाही. मला खटकतं ते पुढचं. कथा भीमाला जनावरांच्या शेजारी उभा करते तेव्हा त्याला तिथवर ढकलणाऱ्या बंद खाणीची आठवणही देते. बोधकथा म्हणून वाचणारे कोल्ही ठेवतात आणि खाण गाळतात. म्हैसूर संस्थानानं तर मजुराजवळ सोन्याचा खडक सापडला तरी शिक्षा होईल असे कायदे केले होते. ज्या हातांनी तो काढला त्यांनीच तो बाळगला तर चोरी. चोरी कशाला म्हणायचं, हे खाणीत आधी ठरलेलं असतं.

दुसरा आक्षेप शेवटाबद्दल. मढ्याच्या दातांत बोटं अडकतात, हात जायबंदी होतो, डॉक्टर दोन बोटं कापतो, आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू होतेय. हा योगायोग फार जुळवलेला आहे अशी तक्रार होऊ शकते. कथेच्या तंत्रापुरती ती बरोबर आहे. एका दिवसाचा फरक ठेवला असता तरी चाललं असतं. पण त्या योगायोगातून अण्णा भाऊ जे मिळवतात ते मी सोडायला तयार नाही. लोभाची शिक्षा दाखवायची असती तर बोटं गेल्यावर कथा संपली असती. खाण सुरू झाल्याची बातमी आली की ती शिक्षा राहत नाही, तो हिशेब होतो. दगड फोडणाऱ्याचं भांडवल म्हणजे त्याचे हात. खाण बंद असताना ते हात कुठं खर्च झाले याच्याशी खाणमालकाला देणंघेणं नाही. तो भोंगा वाजवतो, आणि पुरे हात घेऊन या म्हणतो. भीमा शेवटी रडतो तो पश्चात्तापानं, असं मला वाटत नाही. डोंगर फोडणारी बोटं आपण राखेत घालवली, हे त्याला कळतं. कामगाराचं ते रडणं आहे.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचा, आणि त्याला मला कथेच्या बाजूनं उत्तर सापडत नाही. यात बायकोला काम नाही. ती घाबरते, अडवते, वाट पाहते. वॉरनच्या टिपणात दगड कुटणाऱ्या बायका आहेत. राख चाळण्यासारखं काम असताना घरातली बाई नुसती दारात उभी राहते, हे मला खरं वाटत नाही. इतर कथा-कादंबऱ्यांत राबणाऱ्या, झुंजणाऱ्या बायका अण्णा भाऊंनी ताकदीनं उभ्या केल्यात. इथं मात्र त्यांनी तिला भीतीचं माप म्हणून वापरलंय. चाळणी तिच्या हातात दिली असती, तर लोभाचा आरोप आपोआप गळून पडला असता. मग तो एका पुरुषाचा छंद दिसला नसता, घराचा धंदा दिसला असता.

हे आज का वाचायचं

सोन्याचा भाव रोज फोनवर येतो. भाव चढला की बातमी गुंतवणूकदाराची होते, फार तर लग्न ठरलेल्या घराची. भाव चढला की जगात कुठंतरी एक बंद विवर पुन्हा उघडतं, कुणीतरी आणखी थोडा पारा विकत घेतो, कुणीतरी टाकून दिलेली माती दुसऱ्यांदा धुवायला काढतो, ही बातमी येत नाही. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारावर भारतानं सही केलीय, २०१८मध्ये त्याला मान्यताही दिलीय. करार असणं चांगलंच. पण करार राबवायचा तर आधी तो भट्टीपाशी बसलेला माणूस दिसावा लागतो, आणि त्याला ‘लोभी’ म्हणून मोकळं झालेल्या समाजाला तो दिसत नाही.

म्हणून मला ही कथा भयकथांच्या यादीतून बाहेर काढावीशी वाटते. शाळा-कॉलेजात ती शिकवताना शेवटी विचारला जाणारा प्रश्न बदलून पाहा. ‘या कथेतून लोभाचा कोणता धडा मिळतो?’ याऐवजी ‘खाण का बंद पडली आणि कुणी बंद केली?’ असं विचारा. कथेत याचं उत्तर नाही. भीमालाही कुणी दिलेलं नाही. त्याला फक्त काम संपल्याचं कळतं. नाशिकला, सुरतेला कारखान्यावर गेलेली आणि एका सकाळी गेटवरून परत पाठवलेली पोरं आमच्या बाजूच्या प्रत्येक गावात आहेत. त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

‘केजीएफ’ जरूर बघा, ‘तंगलान’ तर बघाच. मग ‘स्मशानातील सोनं’ वाचा. वीस मिनिटांची कथा आहे. रॉकी आपल्याला विचारतो की सोनं कुणाचं. तंगलान विचारतो की ते आधी कुणाचं होतं. भीमाला विचारायला वेळ नाही, घरी नबदा उपाशी आहे. तो राख चाळतोय, आणि चाळता चाळता त्याच्या चाळणीत जे उरतं त्यात थोडं सोनं आहे आणि आपल्या गावाची सगळी उतरंड आहे. सोनं तो बाजारात मोडतो. दुसरं आपल्याकडं सोपवून जातो.